खाऱ्या वाऱ्यातल्या हॉटेलसाठी पाणी-धूळरोधक विजेचे साहित्य: निवड कशी करावी?

बंदरकाठ

मंडळी, नमस्कार. मालवणजवळ समुद्रापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आमचे १४ खोल्यांचे हॉटेल आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या उघड्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे अंगण, मागे माडांची बाग आणि एका बाजूला स्वतंत्र स्वयंपाकघर अशी त्याची रचना आहे. या दिवाळीपूर्वी सगळे वायरिंग नव्याने करायचे ठरवले असून दोन ठेकेदारांची दरपत्रके हाती आली आहेत. पहिल्याने खोलीपासून फाटकापर्यंत सगळीकडे ‘आयपी ६५’ दर्जाचे (आयपी म्हणजे पाणी-धूळ किती रोखली जाते याचा दर्जा) साहित्य धरले आहे. दुसऱ्याने फक्त बागेत तसे साहित्य धरून बाकी ठिकाणी साधे स्विच, साधे सॉकेट आणि त्यांवर प्लास्टिकचे झाकण सुचवले आहे. दोन्ही रकमांत इतका फरक आहे की कोणाचे म्हणणे कितपत बरोबर आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आमची खरी अडचण अशी की बाहेरच्या दिव्यांच्या खोक्यावर ‘आयपी ६५’ छापलेले असूनही दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते आतून घाम धरतात, त्यांचे स्क्रू गंजून जागीच बसतात आणि झड लागली की मुख्य आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडून सगळे हॉटेल अंधारात जाते. पाहुणे न्हाणीघरात असताना हे घडणे किती गैरसोयीचे आणि किती काळजीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. कुठे कोणत्या दर्जाचे साहित्य घ्यावे आणि चांगले साहित्य घेऊनही पाणी आत का शिरते, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

चिरेबंद

मी इमारतींच्या विद्युत आराखड्यांचे काम करतो आणि त्यातले बरेचसे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले आहे. आपण दोन प्रश्न विचारले आहेत. माझ्या मते त्यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, पण पहिला नीट समजल्याशिवाय तो उलगडत नाही.

आयपीचे दोन अंक आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून आले आहेत आणि भारतीय मानक ब्यूरोने तेच मानक आपल्याकडे स्वीकारले आहे. पहिला अंक बोट, तार, धूळ अशा घन पदार्थांसाठी असून तो ० ते ६ असतो. ५ म्हणजे धूळ थोडी आत गेली तरी कामात बाधा येऊ नये, आणि ६ म्हणजे धूळ आत मुळीच जाऊ नये. दुसरा अंक पाण्यासाठी आहे. ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर वेगाने मारलेली धार. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरची जोरदार धार. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणे. ८ म्हणजे त्याहून कठीण परिस्थितीत सतत पाण्याखाली राहणे, आणि तिची खोली व मुदत उत्पादकाने सांगायची असते. येथे बहुतेकांचा एक समज चुकतो. ७ किंवा ८ अंकाची वस्तू धारेलाही टिकेल, असे मानक म्हणत नाही. बुडवण्याची आणि धारेची परीक्षा वेगळी आहे. दोन्हींत उत्तीर्ण झालेल्या वस्तूवर ‘आयपी ६५/६७’ असे दोन्ही दर्जे लिहिलेले असतात. म्हणून अंगणात जमिनीत पुरायचे दिवे घेताना नुसते ६७ पाहू नका, कारण तुमचा माळी त्यांच्यावर नळीने पाणी मारणारच आहे.

आता या दर्जात काय येत नाही ते पाहा. चाचणी नव्या कोऱ्या वस्तूवर, गोड्या पाण्याने आणि थोड्या वेळापुरती होते. खारी हवा, मे महिन्याचे ऊन, रबर कडक होणे, रंग सुटणे यांबद्दल ते दोन अंक काहीही सांगत नाहीत. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि समुद्रकाठी तिचा अहवाल मागणे तितकेच आवश्यक आहे. तुमचे स्क्रू गंजले याचा अर्थ तुमच्या दिव्याचा आयपी दर्जा खोटा होता, असा होत नाही. त्या दर्जाने गंजाची हमी मुळात दिलेलीच नव्हती.

निवडीबद्दल सांगायचे तर सगळीकडे ६५ घेणारा ठेकेदार तुमचे पैसे चुकीच्या जागी घालतो आहे आणि झाकणावर विसंबणारा धोका चुकीच्या जागी ठेवतो आहे. न्हाणीघराचेच उदाहरण घ्या. आयईसी ६०३६४ या इमारतींच्या वायरिंगविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या न्हाणीघरविषयक भागात जागेचे पट्टे आखून दिले आहेत. आपल्याकडच्यासारखा टबाशिवायचा शॉवर असेल तर पाणी जिथून बाहेर पडते त्या ठिकाणापासून आडवे १.२ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग हा पहिला पट्टा धरला जातो. त्या पट्ट्यात दिवा किंवा एक्झॉस्ट पंखा असलाच तर तो किमान शिंतोडे सोसणारा, म्हणजे दुसरा अंक ४ असलेला हवा, आणि सॉकेट तर तिथे असूच नये. लहान न्हाणीघरात १.२ मीटर मोजले की बहुतेक सगळी खोलीच त्यात येते. म्हणून गिझरचा १६ अँपिअरचा स्विच दाराबाहेर, खोलीच्या बाजूला काढा. तिथे साधा उत्तम प्रतीचा स्विच पुरेसा आहे, त्याला ६५ ची गरज नाही. न्हाणीघर धारेने धुण्याची पद्धत असेल तर मात्र आतल्या साहित्याचा दुसरा अंक ५ ठेवावा.

झोपण्याच्या खोलीत, स्वागतकक्षात, आतल्या जिन्यात साधे मॉड्युलर साहित्य घ्या आणि तिथे वाचलेले पैसे बागेत व पडवीत खर्च करा.

घाटमाथा

चिरेबंद यांच्या म्हणण्यात महाबळेश्वरच्या अनुभवातून एक भर घालतो. मी तिथल्या एका हॉटेलच्या देखभाल विभागात आहे. आमच्याकडे समुद्र नाही, मात्र जून ते सप्टेंबर ढग दारातून आत येतात. दिव्यात दिसणारे पाणी बाहेरूनच आले असे दर वेळी नसते.

संध्याकाळी दिवा पेटतो आणि आतली हवा तापून फुगते. दिवा बंद झाल्यावर किंवा पेटलेला असतानाच गार सर आल्यावर ती हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या सांध्यातली रबरी पट्टी, कितीही चांगले असले तरी ही ओढ सगळ्यांत कमकुवत जागा शोधते, आणि ती जागा बहुधा वायरचे तोंड असते. कधी कधी तर वायरच्या आवरणाच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांच्या फटींतून ओल दिव्यापर्यंत पोचते. असे दिवे आम्ही उघडून पाहिले आहेत. गॅस्केट कोरडे ठणठणीत होते आणि आत टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला होता. तिथून मागे वायर सोलत गेलो तेव्हा तांबे काळे पडलेले दिसले आणि वायरचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या जोडपेटीत निघाले.

यावर दोन उपाय आहेत. एक, श्वासझडप असलेला दिवा घ्यावा. तिच्यातल्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून हवा आत-बाहेर होते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. किंमत थोडी वाढते, तरी धुक्याच्या आणि समुद्राच्या प्रदेशात हा खर्च करावाच असे माझे ठाम मत आहे. दोन, जोडपेटी जमिनीत किंवा जमिनीलगत ठेवू नये. जमिनीतच ठेवावी लागली तर जोड ओतीव जेलमध्ये बुडवून टाकावेत, म्हणजे पेटीत पाणी भरले तरी जोडाला लागत नाही.

बंदरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या बागेतल्या सगळ्या जोडपेट्या जमिनीलगतच आहेत, तेव्हा त्या बदलाव्या लागणार हे उघड आहे. आता एक अडचण सांगतो. पडवीतल्या भिंतीवरच्या दिव्यांच्या मागे नेहमी ओल सापडते. भिंत उघड्या जांभ्याची आहे आणि तिला गिलावा करायचा नाही, कारण पाहुणे ती भिंत पाहायलाच येतात.

पेटीपाना

मी वायरमन आहे आणि परवानाधारक ठेकेदार म्हणून काम करतो. जांभ्यावर दिवा बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुस्तकात हे सहसा नसते.

दिव्याच्या मागच्या गॅस्केटला सपाट पृष्ठभाग लागतो. जांभ्याला तर बोटभर खड्डे असतात. गॅस्केट उंचवट्यांवर टेकते, खड्डे मोकळे राहतात आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी त्या खड्ड्यांतून थेट दिव्याच्या पाठीशी, वायरच्या भोकापर्यंत जाते. दिवा ६५ असो की ६७, पाठीमागची वाट मोकळी असेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. यासाठी दिव्याच्या आकाराहून थोडी मोठी, चिऱ्याच्या रंगाची सिमेंटची सपाट बैठक आधी भिंतीत करून घ्यावी आणि दिवा त्यावर बसवावा. मग कडेने वरच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना सिलिकॉन भरावे व खालची बाजू मोकळी ठेवावी. चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेले थोडेसे पाणी कायमचे अडकते. सिलिकॉन घेताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते घेऊ नये. ते वाळताना आम्ल सोडते आणि त्याने तांबे व टर्मिनल खराब होतात. दुकानात ‘न्यूट्रल’ म्हणून मागितले की हवे ते मिळते.

आता वायरच्या तोंडाबद्दल. आपल्याकडे तीन सुट्या वायरी पीव्हीसी पाइपातून ओढण्याची पद्धत आहे. दिव्यासोबत येणारा ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळून तिचे तोंड बंद करणारा भाग, मात्र एका गोल आवरणाच्या केबलसाठी बनवलेला असतो. आतले रबर सगळीकडून सारखे आवळले जावे, हे त्याचे काम आहे. त्यात तीन सुट्या वायरी घातल्या की मधोमध तिकोनी फट राहते, मग ग्लँड पान्याने कितीही आवळा. मी उघडलेल्या बिघडलेल्या दिव्यांपैकी बहुतेकांत हीच फट होती. बाहेरच्या प्रत्येक दिव्याला शेवटचा तुकडा तरी गोल आवरणाच्या केबलचा वापरावा, केबलची जाडी मोजावी आणि ग्लँड त्या जाडीचाच घ्यावा. ग्लँडच्या पाकिटावर किती ते किती मिलिमीटर केबलसाठी तो आहे, हे लिहिलेले असते. केबल नेहमी खालून आत घ्यावी आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते.

दरपत्रकात दिव्याचा दर सगळे लिहितात. ग्लँड, गोल केबल आणि बैठक यांचा दर जो लिहितो, त्याला काम समजले आहे असे मी धरतो.

चिरेबंद

पेटीपाना यांनी धाग्यातली सर्वांत मोलाची गोष्ट सांगितली. आयपी दर्जा वस्तूला मिळतो तो कारखान्यात पाडलेल्या भोकांसह आणि ठरवून दिलेल्या ग्लँडसह. जागेवर ड्रिलने आणखी एक भोक पाडले, न वापरलेले तोंड बूच न लावता सोडले किंवा वरच्या बाजूने पाइप आणला, तर तो दर्जा तिथेच संपतो. सबंध जोडणीचा दर्जा तिच्यातल्या सर्वांत कमकुवत जागेइतकाच धरावा.

एका बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पाइपाची पद्धत पूर्णपणे सोडावी लागत नाही. आट्यांचा पाइप पेटीच्या आट्यांत नीट बसवला, सांधे सोल्युशनने चिकटवले आणि पाइपाचा उतार पेटीपासून दूर ठेवला, तर तेही चालते. उतार पेटीकडे असेल तर पाइपात साठलेले पाणी पेटीतच येणार.

पेटीपाना

नव्या बांधकामात हे मला मान्य आहे. धागाकर्त्यांच्या भिंतीत जुने पाइप आहेत, त्यांचा उतार आता कोणाला कळणार? म्हणून मी केबलचा आग्रह धरतो.

चिरेबंद

जुन्या भिंतीपुरते तुमचे म्हणणे योग्य आहे.

चुलीपाशी

मी रत्नागिरीत खानावळ आणि लहान हॉटेल चालवते, म्हणून स्वयंपाकघराबद्दल लिहिते. येथे पाणी, वाफ, तेल आणि पीठ अशा चारही गोष्टी एकाच वेळी असतात आणि प्रत्येकीची जागा वेगळी असते.

भांडी घासण्याच्या जागी रात्री कट्टा आणि भिंत नळीने धुतली जाते. तिथे दुसरा अंक ५ पेक्षा कमी नकोच, आणि सॉकेट कट्ट्यापासून दूर व उंचावर हवे. चुलीच्या वर, धुराड्याच्या आत दिवा घ्यायचा तर तो वाफरोधक आणि उष्णता सोसणारा, काचेचे जाड आवरण असलेला घ्यावा. स्वस्त प्लास्टिकचे आवरण तेलाच्या वाफेने पिवळे पडते आणि त्याला तडे जातात, शिवाय ते खाली अन्नात पडण्याची भीती असते. पीठ मळण्याच्या आणि दळण्याच्या जागी मला पहिला अंक महत्त्वाचा वाटतो. घावनांच्या तांदळाच्या पिठाची पूड इतकी बारीक असते की साध्या स्विचच्या आत जाऊन ती दमट हवेत घट्ट बसते आणि स्विच अडकू लागतो. तिथे पहिला अंक ५ किंवा ६ घ्यावा.

सॉकेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. उघडझाप करणाऱ्या झाकणाच्या सॉकेटचा दर्जा बहुधा झाकण बंद असतानाचा असतो. मिक्सरची किंवा वाटणयंत्राची पिन लावली की झाकण उघडे राहते आणि आपण ज्या वेळी पाणी उडवतो नेमक्या त्याच वेळी सॉकेट उघडा असतो. म्हणून मोठ्या ओल्या वाटणयंत्राला मी निळ्या रंगाची औद्योगिक पिन व सॉकेट लावून घेतले आहे. त्याची वळवून आवळायची कडी असलेली ६७ दर्जाची जोडी पिन लावलेली असतानाही पाणी रोखते. ४४ दर्जाची जोडी स्वस्त मिळते, पण तिला कडी नसते, ती फक्त शिंतोड्यांपुरती आहे. दुसऱ्या ठेकेदाराने सुचवलेले प्लास्टिकचे झाकण स्वयंपाकघरात तरी मान्य करू नका, दादा.

मस्कतकर

मी ओमानमध्ये हॉटेलांच्या देखभालीचे काम करतो, तेव्हा धुळीबद्दल थोडे लिहितो. कोकणात धुळीचा विचार कमी होतो, पण जांभा कापताना उडणारी लाल पूड आणि उन्हाळ्यातल्या कच्च्या रस्त्याची धूळ कमी त्रासदायक नाही. ती स्वतः फारसे बिघडवत नाही. त्रास सुरू होतो तिच्यात ओल मिसळल्यावर, आणि त्यात समुद्राचे मीठ असेल तर टर्मिनलांच्या मधून गळती सुरू होते. तुमची आरसीसीबी झड लागली की पडते यामागे हेही एक कारण असू शकते.

पेटी उघडून बंद करण्याची वेळही सांभाळावी लागते. वाऱ्यात पेटी उघडली की गॅस्केटवर धूळ बसते आणि झाकण तिच्यावरच आवळले जाते. गॅस्केट आणि त्याची खाच दोन्ही ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून मगच झाकण लावावे. आमच्याकडे हा नियम सर्वांना सक्तीचा आहे.

उष्णतेकडेही लक्ष द्या. घट्ट बंद दिव्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे एलईडीचा ड्रायव्हर (तिला योग्य वीज पुरवणारा भाग) तापून लवकर जातो. कौलांच्या खाली किंवा उन्हातल्या पत्र्याखाली बसवायच्या दिव्यावर किती तापमानापर्यंत तो चालतो हे पाहावे आणि ५० अंशांचा मिळत असेल तर तोच घ्यावा.

बंदरकाठ

आता खरेदीचा प्रश्न. समुद्रकाठी अंग कशाचे असावे? ॲल्युमिनियम, स्टील की प्लास्टिक? आणि दुकानदार दाखवतो तो आकडा खरा कशावरून मानावा?

चिरेबंद

समुद्रापासून इतक्या जवळ मी पहिली पसंती सूर्यप्रकाश सोसणाऱ्या चांगल्या पॉलिकार्बोनेटला किंवा काचतंतूच्या अंगाला देतो, कारण त्यांना गंज नाही. धातूच हवा असेल तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा बरेच अधिक टिकते. ३०४ वर तुमच्याकडे काही महिन्यांतच तांबूस डाग दिसू लागतील. ॲल्युमिनियमचा दिवा घेतला तर त्याचा रंग कापलेल्या कडांवर आणि स्क्रूच्या भोकांत पोचला आहे का ते पाहा, गंज तिथूनच सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा स्क्रू असेल तर बसवतानाच त्याला ग्रीस लावावे. तसे न केल्यास तो जागीच धरतो आणि पुढे दिवा उघडताना तुटतो.

आकड्याच्या खरेपणासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक तुम्हाला मिळणाऱ्या मालाशी अक्षरशः जुळतो का ते पाहा. अहवाल एका मॉडेलचा आणि माल दुसऱ्याच मॉडेलचा, हे सर्रास होते. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांकही पाहा, पण तो विद्युत सुरक्षिततेच्या मानकासाठी असतो, म्हणून केवळ त्यावरून पाण्याचा दर्जा गृहीत धरू नका.

पेटीपाना

कागदासोबत प्रत्यक्ष परीक्षाही करता येते. मोठी खरेदी करण्यापूर्वी एकच नमुना आणावा, तो जसा भिंतीवर लावणार तसाच ग्लँड व केबलसह एका फळीवर बसवावा आणि आत कोरडा टिपकागद ठेवावा. वीजजोडणी मुळीच करू नये. मग बागेच्या नळीने सर्व बाजूंनी चांगली दहा मिनिटे धार मारावी, अंग पुसून कोरडे करावे आणि उघडून पाहावे. कागदावर ओल कुठे उमटली यावरून पाणी ग्लँडमधून आले की झाकणाच्या कडेने, तेही समजते. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण निकृष्ट माल यात लगेच उघडा पडतो.

बंदरकाठ

हे मी नक्की करणार आहे. दोन्ही ठेकेदारांना आपापल्या नमुन्यासह बोलावतो. मुख्य आरसीसीबी पडून सगळे हॉटेल अंधारात जाण्याचा प्रश्न तेवढा राहिला.

चिरेबंद

त्याचे कारण साहित्याइतकेच मांडणीतही आहे. तुमच्याकडे सगळ्या हॉटेलला एकच आरसीसीबी दिसते. बागेतल्या एका ओल्या दिव्याची गळती आणि खोल्यांतल्या उपकरणांची नेहमीची बारीक गळती तिच्यात एकत्र मोजली जाते. ३० मिलिअँपिअरची मर्यादा माणसाच्या जिवासाठी आहे. वारंवार पडते म्हणून कोणी तिथे १०० किंवा ३०० ची बसवून देत असेल तर कृपया मान्य करू नका. त्याऐवजी बाग, पडवी व फाटकाची पाटी, स्वयंपाकघर आणि खोल्यांचे दोन-तीन गट असे वेगवेगळे भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी द्यावी. मुख्य जागी उशिरा पडणारी, १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची निवडक प्रकारची ठेवता येते. मग बागेत पाणी शिरले तर बागच अंधारते आणि पाहुण्याच्या खोलीतला दिवा चालू राहतो.

फाटकावरच्या पाटीचा वीजपुरवठा तुमच्या बागेच्या वाटेने जातो की रस्त्याच्या बाजूने? बागेतून असेल तर तिचा ड्रायव्हर पाटीत न ठेवता पडवीच्या कोरड्या पेटीत आणता येईल. पाटीला २४ व्होल्टची केबल जाईल आणि त्या उघड्या जागी २३० व्होल्टचा जोड राहणारच नाही.

बंदरकाठ

बागेतूनच जातो, अंतर साधारण ३० मीटर असेल.

चिरेबंद

मग २४ व्होल्टवर एवढ्या अंतरात विद्युतदाब कमी होईल, म्हणून केबलची जाडी पाटीच्या वॉटनुसार काढावी लागेल. पाटीच्या आतल्या पट्ट्यांचे एकूण वॉट कळवा, मी हिशेब करून येथेच लिहितो.